रेयांश किती झाले, महोदय?

प्रति,
मा. मुख्य निबंधक, जन्म व मृत्यू नोंदणी,
महाराष्ट्र राज्य

विषय : राज्यात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या बाळांच्या नावांची संख्यावार यादी प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,



मागणी विषयाच्या ओळीत आलीच आहे. आता कारणं.

राज्यात मूल जन्मलं की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करावी लागते. खेड्यात ग्रामपंचायतीकडे, शहरात पालिकेच्या आरोग्य खात्याकडे. या नोंदींवरून मुलगे किती, मुली किती, बाळंतपणं दवाखान्यात किती झाली याचे तक्ते निघतात. नावाचा रकाना तेवढा कोणी मोजत नाही. तो भरला जातो, दाखल्यावर छापला जातो आणि तिथेच राहतो. मी एवढंच मागते आहे की तोही मोजावा आणि दर वर्षाअखेर सांगावं : यंदा अमुक नावाच्या इतक्या मुली, तमुक नावाचे इतके मुलगे. आडनाव नको, गाव नको, आईवडील नकोत. नुसतं नाव आणि त्यापुढे आकडा.

ही मागणी आत्ताच का सुचली, तर 'हल्लीची नावं' या विषयावर बोलायला आमच्याकडे कोणालाही सवड असते म्हणून. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या कट्ट्यावर, बसमध्ये. कियान, रियान, विवान अशी माळ लावून 'आता कुत्र्यामांजरांना काय ठेवायचं?' असा विनोद करणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक घरात सापडतो. 'आपली' नावं बुडाली अशी हळहळ दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे लोक पुरावा म्हणून आपापल्या जिन्यातली चार मुलं दाखवतात. मीही याच जिन्यातली, माझ्याकडे याहून जास्त माहिती नाही. ती फक्त आपल्याकडे आहे.

मी आत्या आहे, त्यामुळे या विषयात माझा पिढीजात हक्क आहे असं मी समजत होते. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायचं, आत्याने कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, पाठीत धपाटे खायचे. धपाटे अजून मिळतात. पण नाव दोन महिन्यांपूर्वी ठरलेलं असतं आणि मी कानाशी वाकते तेव्हा मागच्या फलकावर ते फुग्यांच्या कमानीत इंग्रजी अक्षरांत झळकत असतं. त्याआधी घरच्या ग्रुपवर 'युनिक नाव सुचवा' असा निरोप आलेला असतो. मी सुचवलेली नावं 'छान आहेत, पण कॉमन आहेत' या शेऱ्यासह बाद होतात. मग जे नाव ठरतं त्याचे बालवाडीच्या पटावर आणखी दोघे निघतात आणि बाईंना रेयांश पाटील, रेयांश शिंदे असं आडनावासकट हाका माराव्या लागतात. सगळ्यांनी एकाच वेळी वेगळं व्हायचं ठरवलं की असं होणारच.

ही नावं घडतात कशी, ते पाहण्यासारखं आहे. पूर्वी अर्थ आधी यायचा. देवाचं, नदीचं, फुलाचं, गुणाचं नाव. आता नाद आधी येतो. 'अंश' हा शेवट पक्का धरायचा आणि पुढे काहीही जोडायचं : शिवांश, देवांश, विवांश, रेयांश. शिव कळतो, देव कळतो. रेय म्हणजे काय हे मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. कोणी सूर्यकिरण म्हणतं, कोणी थेट विष्णू. मुलींसाठी 'आया' आणि 'आयरा' : शनाया, अनाया, मायरा, समायरा. ऐकायला गोड, इंग्रजीत लिहायला सोपं, परदेशातल्या शिक्षकांच्या तोंडात बसणारं. अर्थ नंतर शोधतात आणि तो नावांच्या संकेतस्थळावर मिळतोच. आरव या नावापुढे तिथे 'शांत' असं लिहिलेलं मी वाचलं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. दोन महिन्यांच्या बाळाला संस्कृत अर्थच जास्त लागू पडतो हे कोणतीही आई सांगेल.

तिसरा प्रकार आईबापांच्या नावांचे तुकडे जोडण्याचा. मीरा आणि शाहिद कपूर यांची मुलगी मिशा. या नावाला मराठी घरात काय अडचण येईल ते मी सांगायला नको. केरळात हा जोडकामाचा उद्योग एक पिढी आधीच होऊन गेला आणि आपणही अगदीच नवखे नाही. सुनील गावसकरांनी १९७६ मध्ये जन्मलेल्या मुलाचं पूर्ण नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हायचा रोहन, जयसिंहांचा जय आणि विश्वनाथचा विश्व. यातला रोहनही गमतीचा आहे. कन्हाय हा गिरमिटिया मजुरांच्या वंशातला गयानाचा फलंदाज, त्याचं नाव आगबोटीने गेलं आणि क्रिकेटमधून मुंबईत परत आलं. माझ्या आधीच्या पिढीत मला एकही रोहन आठवत नाही. माझ्या नंतरच्या पिढीत मोजता येत नाहीत.

पत्रिकेचाही यात हात आहे आणि त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. पूर्वी या अक्षरावरून जे नाव निघे ते 'नावरस नाव' म्हणून पत्रिकेत लिहायचे आणि विसरून जायचे. हाक मारायचं नाव वेगळं. माझं नावरस नाव मला स्वतःला पत्रिका काढल्याशिवाय सांगता येत नाही. अलीकडे आईबापांना वाटू लागलं की हाकेचं नावही त्याच अक्षरावर हवं. आता आर्द्रा नक्षत्राची अक्षरं पाहा : कू, घ, ङ, छ. हस्ताची : पू, ष, ण, ठ. 'ण'वरून नाव काढून दाखवावं असं मी आपल्यालाही आव्हान देत नाही. अशा वेळी नाव सापडत नाही, बनवावं लागतं. परंपरा मोडल्यामुळे नवी नावं आली असं म्हणणाऱ्यांनी हा चरण लक्षात घ्यावा. काही नावं परंपरा जास्तच कडक पाळल्याने आली आहेत.

आता मुख्य मुद्दा. यातलं बरंचसं मी अंदाजाने बोलते आहे आणि अंदाज किती फसवे असतात याचं उदाहरण म्हणजे सचिन. माझ्या ओळखीत इतके सचिन आहेत की फोनमध्ये त्यांच्यापुढे गॅस, प्लंबर, बँक असं लिहावं लागतं. इतके सचिन तेंडुलकरमुळे झाले असं सगळे धरून चालतात. पण तेंडुलकर पहिली कसोटी खेळला १९८९ मध्ये. माझे प्लंबर आणि बँकवाले त्याआधीचे आहेत. मग ते कोणाचे? सचिन पिळगावकर १९६३ मध्ये 'हा माझा मार्ग एकला'मध्ये दिसला आणि १९७५ च्या 'गीत गाता चल'मध्ये नायक झाला, त्याचे का? की त्याही मागच्या सचिन देव बर्मन यांचे, ज्यांच्यावरून रमेश तेंडुलकरांनी आपल्या मुलाचं नाव ठेवलं? की ही बंगाली नावांचीच लाट होती? रवींद्र, शरद, सुभाष ही नावं आपल्याकडे ज्या ओढीने आली त्याच ओढीने सचिनही आला असेल. हा वाद मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. आपल्या कार्यालयातल्या नोंदी वर्षवार मोजल्या तर तो एका दुपारी मिटेल.

शनायाचंही तेच. २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये आलिया भट शनाया होती. २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका आली आणि संसार मोडायला निघालेल्या बाईचं नाव शनाया निघालं. घरोघरच्या आज्यांनी तिला रोज रात्री शिव्या घातल्या. त्यानंतर शनाया कमी झाल्या की वाढल्या? माझी पैज वाढल्या यावर आहे, कारण माणूस नाव ऐकताना बहुधा पात्राची वागणूक ऐकत नाही, नाद ऐकतो. कियाराचा प्रवास तर आणखी सरळ आहे. २०१० च्या 'अनजाना अनजानी'त प्रियांका चोप्राच्या पात्राचं हे नाव. ते ऐकून आलिया अडवाणी या मुलीने सिनेमासाठी आपलं नाव कियारा केलं. पात्राचं नाव नटीने घेतलं, नटीचं पाळण्याने घेतलं. यातल्या शेवटच्या टप्प्याचा साक्षीदार कोण? आपला रकाना.

हे नुसतं कुतूहल असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. नव्या नावांची टिंगल करणारे लोक 'जुनी नावं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माधव, वासुदेव, सरस्वती असतात. जुन्या नावांत धोंडू, दगडू, केरू, भिकूही होते. काही नावं मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून नवसाने ठेवलेली. पण सगळी नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चार वर्णांची नावं कशी असावीत ते सांगितलं आहे : ब्राह्मणाचं मंगल सुचवणारं, क्षत्रियाचं बळ, वैश्याचं धन आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. नावाची ही वाटणी पुस्तकातून गावापर्यंत आली होती आणि हजेरी घेताना मास्तरांना जात विचारावी लागत नव्हती.

ती वाटणी मोडली गेली आणि ती नवी नावं ठेवूनच मोडली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पाळण्यांतून गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, विशाखा, संघमित्रा आले. बाबासाहेबांनी महाविद्यालयांना जी नावं दिली, मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद, ती घरातही आली. हजार वर्षांत ज्यांच्या घरी अशी नावं ठेवायची सोय नव्हती त्यांनी एका पिढीत ती ठेवली. त्या वेळीही कोणी तरी कुठल्या तरी कट्ट्यावर 'काय ही हल्लीची नावं' म्हणालंच असणार. मिलिंद म्हणजे भुंगा म्हणून ते नाव ठेवणारी घरं वेगळी आणि ग्रीक राजा मिलिंद नागसेनापुढे प्रश्न घेऊन बसला म्हणून ठेवणारी वेगळी. नाव तेच, वाट दुसरी. वाट आपली यादी सांगू शकणार नाही हे मला मान्य आहे. पण १९५५ साली किती मिलिंद होते आणि १९६० साली किती, एवढं सांगेल. या राज्याच्या सामाजिक इतिहासाचं ते एक पान आहे, आणि ते कोणीही उघडलेलं नाही.

दुसरं पान साताऱ्याचं. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. त्या साऱ्यांचं नाव नकुशा किंवा नकोशी. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. त्यांना नव्या नावांचे दाखले मिळाले. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री. आता ऐश्वर्या हे नाव त्या मुलीने सिनेमातून उचललं म्हणून नाक मुरडणारं कोणी असेल तर त्याने आधी स्वतःला महिनाभर नकुशा म्हणवून घ्यावं. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. २८५ हा आकडा कळला तो कोणी तरी जिल्ह्यात शोध घेतला म्हणून. शेजारच्या जिल्ह्यात किती होत्या? त्यानंतर किती जन्मल्या? दरवर्षीची यादी असती तर नकुशा हे नाव कुठे, कधी, किती ठेवलं जातं हे सरकारला पटावरच्या मुली गोळा न करता दिसलं असतं. आणि ते शून्यावर आलं की तेही दिसलं असतं.

बायकांच्या नावांबद्दल आणखी एक. आपल्याकडे नवं नाव पाळण्याआधी मांडवात यायचं. लग्न होऊन सून आली की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यावर तिचं नवं नाव लिहायचं. माहेरची गंगू सासरी सुनीता व्हायची. घरच्यांच्या हौसेची, कादंबरीत वाचलेली, सिनेमात ऐकलेली नावं सुनेवर आधी वापरून पाहिली जात. त्यामुळे जुन्या जन्मनोंदीतलं बाईचं नाव आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव जुळणार नाही. दोन्ही वह्या आपल्याच कपाटात आहेत.

नावांची अशी मोजणी जगात कोणी करतं का, असा प्रश्न फायलीवर येईल म्हणून सांगते. अमेरिकेत हे काम सामाजिक सुरक्षेचं सरकारी खातं करतं. १९९७ मध्ये तिथल्या मायकल शॅकलफर्ड या विमागणितीने स्वतःच्या हौसेने सुरुवात केली. जन्मभर मायकलांच्या गर्दीत वावरल्यामुळे आपल्या मुलाला तरी फार ठेवलं जाणारं नाव नको, एवढाच त्याचा हेतू होता. आज तिथे १८८० पासूनची नावं वर्षवार पाहता येतात. पाचाहून कमी मुलांना दिलेलं नाव यादीत घालत नाहीत, म्हणजे कोणाची खासगी गोष्ट उघड होत नाही. इंग्लंड आणि वेल्सचं सांख्यिकी कार्यालयही अशी यादी काढतं. या यादीमुळे काय कळतं त्याचा एकच दाखला देते. तिकडे 'नेवेया' असं मुलीचं नाव निघालं. स्वर्गाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याची अक्षरं उलटी लिहून बनवलेलं. १९९९ मध्ये देशभरात अशा मुली आठ. पुढच्या वर्षी एका रॉक गायकाने टीव्हीवर आपली या नावाची मुलगी दाखवली. २००५ मध्ये नेवेया झाल्या ४,४५७, आणि मुलींच्या नावांत तिचा क्रमांक लागला ७० वा. बनवलेलं नाव कसं पसरतं हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? त्यांना नेवेयाचा जन्म माहीत आहे. आपल्याला रेयांशचा नाही.

हसणाऱ्यांसाठी जाता जाता : आमच्याकडे रुळलेल्या मायराची मूळ इंग्रजी मायराही बनवलेलीच. फुल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीने चारशे वर्षांपूर्वी आपल्या प्रेमकवितांसाठी रचलेली.

अडचणी आहेत आणि त्या मला ठाऊक आहेत. दवाखाना नोंद पाठवतो तेव्हा पुष्कळदा बाळाचं नाव ठरलेलं नसतं. ते मागाहून घालता येतं, पहिले १२ महिने विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे एखाद्या वर्षाची यादी पुढच्या वर्षी दुरुस्त करावी लागेल. चालेल. दुसरी अडचण लेखनाची. पूर्वी नाव मराठीत ठरायचं आणि इंग्रजीत कसंबसं उतरायचं. आता उलट आहे. अंकशास्त्रवाल्याने एक जादा 'ए' घालून इंग्रजी नाव पक्कं करून दिलेलं असतं आणि त्याचं देवनागरी काय करायचं हे नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर सोडलेलं असतं. रेयांश, रियांश, रेयान्श. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हा एकच दाखला पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे खिडकीवर झालेला काना-मात्रेचा फरक मुलाला जन्मभर पुरतो. यादी काढताना दोन्ही लिप्यांतली रूपं वेगवेगळी मोजावीत. एकाच नावाची किती रूपं सरकारदरबारी तयार होतात ते तरी आपल्याला दिसेल.

तिसरी भीती माझीच आहे. सरकार नावं मोजू लागलं की उद्या नावं तपासू लागेल. आइसलंडमध्ये नवं नाव भाषेच्या व्याकरणात बसतं का हे पाहणारी सरकारी समिती आहे. आपल्याकडे तशी समिती झाली तर तिच्यावर कोण बसेल आणि काय काय 'आपलं' नाही म्हणून बाद होईल, हे लिहून दाखवायची गरज नाही. म्हणून स्पष्ट लिहिते : मोजा, पण शेरा मारू नका. 'सर्वोत्कृष्ट मराठी नाव' अशी स्पर्धा भरवू नका. गुणवत्ता यादी नको, नुसती यादी हवी.

आणि गोपनीयतेचं कारण कोणी पुढे केलंच, तर राजपत्राकडे बोट दाखवावं. नाव बदलणाऱ्याचं जुनं नाव आणि नवं नाव, आडनावासकट, महाराष्ट्र शासन राजपत्रात राज्य स्वतः छापतं. नाव टाकून देणाऱ्यांची माहिती जाहीर आणि नाव ठेवणाऱ्यांचा साधा आकडाही बंद कपाटात, असं आत्ता आहे.

सुरुवात कुठून करावी हे सुचवते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे. त्या दिवसापासूनच्या बाळांची पहिली यादी काढावी. त्यापाठोपाठ, वेगळ्या तक्त्यात, त्याच बाळांच्या आयांच्या नावांची. स्नेहल, अश्विनी, पूजा किती आणि त्यांच्या पोटी अन्वी, मायरा, इरा किती, हे शेजारी शेजारी दिसेल. जिल्हावार दिली तर उत्तम. नवं नाव मुंबईत आधी उगवतं हा समज गडचिरोली किंवा नंदुरबार खोडून काढेल अशी मला शंका आहे. मग जमेल तसं मागे जावं, संगणकाआधीच्या हातच्या वह्यांपर्यंत. तिथे वेळ लागेल, घाई नाही.

पुस्तिका छापण्याचा आग्रह नाही, संकेतस्थळावर तक्ता टाकला तरी पुरे. फक्त मुलींची यादी आधी असावी आणि मुलग्यांची नंतर.

कळावे.

आपली,
एक अर्जदार